चार सोसायट्या, एक एसटीपी: जुनं पॅनल बदलायचा पैसा कसा उभा करायचा

नागपूरच्या बेसा, बेलतरोडी, वर्धा रोड, हिंगणा रोड या पट्ट्यातल्या मोठ्या गृहप्रकल्पांत अशी रचना नेहमी दिसते. इमारती तीन-चार, प्रत्येकीची सोसायटी किंवा अपार्टमेंट असोसिएशन वेगळी, आणि सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी सगळ्यांचा मिळून एकच. त्यातल्या सिमेंटच्या टाक्या टिकतात, पाइपही बरेच टिकतात. आधी मान टाकतात ते तळाशी बुडालेले पंप, मग मोटारींना वीज देणारं पॅनल आणि मोटारी. हे सगळं एकाच बिल्डरने एकाच महिन्यात बसवलेलं असतं, त्यामुळे ते म्हातारंही बरोबरच होतं. पहिली आठ-नऊ वर्षं खर्च फुटकळ असतो आणि नंतरच्या तीन वर्षांत सगळं एकदम अंगावर येतं.

पॅनल जळाल्यावर वर्गणी मागायला निघालं की चार कमिट्यांची चार मतं पडतात आणि तोवर मैला टँकरने उपसावा लागतो. ही तयारी निदान तीन वर्षं आधी सुरू करायची. ती कशी करायची ते खाली दिलं आहे. हिशेब समजावा म्हणून एक नमुना धरू: चार इमारती, ४५० फ्लॅट, २५० केएलडी (दिवसाला अडीच लाख लिटर) क्षमतेचा एमबीबीआर पद्धतीचा (टाकीत हवा सोडून जीवाणूंकडून पाणी शुद्ध करणारा) एसटीपी, वय ९ वर्षं. (घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं की ४५० घरांचे दिवसाला सुमारे २४३ हजार लिटर होतात. आपला प्रकल्प याच चौकटीत बसतो का ते याच गुणाकाराने ताडून बघा.)

यादी: ऑपरेटरच्या आठवणीवर विसंबू नका

पहिलं काम एका दुपारचं आहे. वही, मोबाइल आणि टॉर्च घेऊन एसटीपीत उतरायचं आणि प्रत्येक विद्युत वस्तूच्या नेमप्लेटचा फोटो काढायचा: मेक, किलोवॅट, अँपिअर, कार्यक्षमतेचा वर्ग, उत्पादनाचं वर्ष. नेमप्लेट गंजून गेली असेल तर तसंच लिहायचं, तीही माहितीच आहे. पुढे प्रत्येक वस्तूसमोर चार रकाने: बसवल्याचं वर्ष, किती वेळा रिवाइंड (आतली तार नव्याने गुंडाळणं) किंवा दुरुस्त झाली, बदलायला आज किती लागतील, आणि आणखी किती वर्षं चालेल.

शेवटचा रकाना भरताना कंपनीच्या पत्रकातलं आयुष्य धरू नका. स्वच्छ, कोरड्या खोलीत २०-२५ वर्षं चालणारं पॅनल एसटीपीच्या तळघरात १२ वर्षांत थकतं. कारण हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास येणारा तोच वायू. तो तांब्यावर काळं कॉपर सल्फाइड आणि कॉन्टॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चांदीच्या टिपांवर काळं सिल्व्हर सल्फाइड चढवतो. जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो, तापला की सैल होतो आणि सैल झाला की आणखी तापतो. नियोजनापुरतं असं धरलं तर फारसं चुकत नाही: एमसीसी पॅनल (सगळ्या मोटारींचं मुख्य पॅनल) १२ वर्षं, मोटारी १२, कच्च्या सांडपाण्याचे सबमर्सिबल पंप ६, व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) १०, पाण्याची पातळी सांगणारे फ्लोट आणि लेव्हल सेन्सर ३, केबल २०, अर्थिंग १०. तुमचं पॅनल तळघराबाहेर वेगळ्या हवेशीर खोलीत असेल तर त्याला आणखी चार-पाच वर्षं द्यायला हरकत नाही.

तपासणी मे महिन्यात, आणि तीही दुपारी

नागपुरात तपासणीला मे महिन्याइतका चांगला महिना नाही. पारा ४५ च्या पुढे जातो आणि यंत्रणा आपले सगळे दोष स्वतःहून दाखवते. साधारण मोटारी आणि व्हीएफडी ४० अंश सेल्सिअस भोवतालच्या तापमानासाठी बनवलेल्या असतात. नवतपात बंद पॅनलच्या आतलं तापमान त्याहून कितीतरी वर असतं. इन्सुलेशनचा ढोबळ नियम असा की, दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मं होतं. शिवाय त्याच दिवसांत कॉलनीभर कूलर आणि एसी चालू असतात, तीन फेजवरचा भार विषम होतो आणि व्होल्टेजमध्ये तफावत पडते. व्होल्टेजची विषमता साडेतीन टक्क्यांवर गेली की मोटारीच्या वाइंडिंगची तापमानवाढ सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. एप्रिल-मेमध्ये मोटारी एकामागून एक जळण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, आणि दोष मात्र रिवाइंडिंगवाल्याला दिला जातो.

तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावी, पण काय बघायचं ते आपल्याला ठाऊक असावं.

थर्मल कॅमेरा: दोन ब्लोअर (टाकीत हवा सोडणारी यंत्रं) आणि एक पंप निदान तासभर चालू ठेवून पॅनल उघडून फोटो काढायचे. एकाच फीडरच्या (पॅनलमधून एका मोटारीकडे जाणारी वीजजोडणी) तीन फेजमध्ये १५ अंशांहून जास्त फरक दिसला तर तो जोड त्याच दिवशी दुरुस्त करायचा. चार ते पंधरा अंशांचा फरक यादीत लिहायचा आणि महिन्याभरात पुन्हा बघायचा.

मेगर: वीज बंद करून, व्हीएफडीच्या तारा सोडवून, प्रत्येक मोटारीचा इन्सुलेशन रोध मोजायचा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटार चालवू नये. ५ च्या खाली असेल तर तिच्या बदलीची तारीख जवळ आणावी. व्हीएफडीवर मेगर मारला तर व्हीएफडीच जळतो. ही चूक सर्रास होते.

डोळे आणि नाक: सर्वांत जास्त चालणाऱ्या ब्लोअरचा कॉन्टॅक्टर उघडून बघा. टिपा काळ्या पडलेल्या, मधे खड्डे, स्क्रूभोवती हिरवट पूड आणि एका फेजच्या तारेच्या टोकावरचं (लगवरचं) रंगीत स्लीव्ह भाजून तपकिरी झालेलं दिसलं, तर त्या पॅनलला तीन वर्षंसुद्धा जास्तच होतील. नुसता कॉन्टॅक्टर बदलून भागत नाही, कारण तेच काळं आवरण बसबारच्या (पॅनलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्या) प्रत्येक जोडावर चढलेलं असतं.

तीन फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजून लिहून ठेवा. १० अश्वशक्तीच्या मोटारीचा पूर्ण भाराचा करंट साधारण १४ अँपिअर असतो. ओव्हरलोड रिले (करंट ठरल्यापेक्षा वाढला की मोटार बंद करणारा) १८ वर फिरवून ठेवलेला दिसला तर समजावं की मोटार सारखी ट्रिप होत होती आणि कुणीतरी त्यावर ‘इलाज’ केला आहे.

हा अहवाल दोन पानांचा असला तरी चालेल, पण फोटो हवेतच. पुढे सभेत भाषणापेक्षा त्या भाजलेल्या स्लीव्हचा फोटो जास्त काम करतो.

आकडा कसा काढायचा

नमुन्याच्या एसटीपीसाठी बदलीचा खर्च असा धरू. किमती हिशेबासाठी घेतल्या आहेत, जीएसटी आणि बसवण्याची मजुरी त्यातच आहे. तुमच्या कोटेशनचे आकडे त्यांच्या जागी टाका.

एमसीसी पॅनल ६,००,००० रुपये, उरलेलं आयुष्य ३ वर्षं.
तीन ब्लोअरच्या मोटारी, प्रत्येकी ३५,००० प्रमाणे १,०५,०००, उरली ३ वर्षं.
दोन सबमर्सिबल पंप १,२०,०००, उरली २ वर्षं.
फिल्टर फीड पंपांच्या दोन मोटारी ४०,०००, उरली ५ वर्षं.
फ्लोट आणि सेन्सर ३०,०००, उरलं १ वर्ष.
दोन व्हीएफडी ९०,०००, उरली ४ वर्षं.
केबल, ग्लँड, ट्रे २,५०,०००, उरली १० वर्षं.
अर्थिंग ४०,०००, उरली ५ वर्षं.

एकूण १२,७५,००० रुपये. आता प्रत्येक रक्कम तिच्या उरलेल्या वर्षांनी भागायची आणि बेरीज करायची: वर्षाला ३,८८,५०० रुपये. ४५० फ्लॅट, १२ महिने, म्हणजे फ्लॅटमागे महिना ७२ रुपये.

हीच यादी उरलेल्या आयुष्याऐवजी पूर्ण आयुष्याने भागून बघा. वर्षाला १,१७,५८३ येतात, फ्लॅटमागे महिना २२ रुपये. पहिल्या दिवसापासून जमवले असते तर एवढ्यात भागलं असतं. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून सभेत ठेवावेत, कुणाला दोष देण्यासाठी नव्हे, तर नवीन पॅनल बसल्यावर वर्गणी बंद करा म्हणणाऱ्यांसाठी.

७२ रुपये कायमचे नसतात, हेही दाखवायला विसरू नका. पहिल्या वर्षी फ्लोट बदलले की त्यांचा हप्ता ३०,००० वरून १०,००० वर येतो. दुसऱ्या वर्षी पंप बदलले की त्यांचा ६०,००० वरून २०,००० वर. म्हणून फ्लॅटमागे पहिल्या वर्षी ७२, दुसऱ्या वर्षी ६८, तिसऱ्या वर्षी ६१ आणि पॅनल-मोटारी बदलल्यावर चौथ्या वर्षापासून २८ रुपये. रोकड पुरते का तेही पडताळा. पहिल्या वर्षाअखेर ३,५८,५०० शिल्लक, दुसऱ्या वर्षी पंप घेऊन ६,०७,०००, तिसऱ्या वर्षी पॅनल आणि मोटारींचे ७,०५,००० देऊन २,३०,५०० उरतात. शिल्लक कुठेही उणे होत नाही, म्हणजे कर्जाची गरज नाही. तुमच्या हिशेबात एखाद्या वर्षी ती उणे आली तर त्या वर्षाची वस्तू एक वर्ष पुढे ढकलता येते का बघा. मात्र पॅनल पुढे ढकलू नका. मोटार जळली तर एक ब्लोअर जातो, पण पॅनल जळलं की सगळंच थांबतं.

महागाई आणि ठेवीचं व्याज ढोबळमानाने एकमेकांना खातात असं धरून वरचा हिशेब साधा ठेवला आहे. पण तांब्याचा भाव चढला की केबल आणि मोटारी ठेवीच्या व्याजापेक्षा वेगाने महाग होतात. म्हणून दर दोन वर्षांनी नवीन कोटेशन घेऊन सगळे आकडे नव्याने भरायचे.

कुणाचा वाटा किती

खरी डोकेदुखी इथे आहे. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर. दुसरीकडे नागपुरात डीड ऑफ डिक्लरेशनवर (अपार्टमेंटच्या नोंदणीकृत घोषणापत्रावर) चालणारी असोसिएशन्स पुष्कळ आहेत. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० प्रमाणे त्यांचा सामाईक खर्च डिक्लरेशनमध्ये लिहिलेल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो. एकाच एसटीपीवर दोन्ही प्रकारच्या संस्था असतील तर प्रत्येक जण आपापला नियम पुढे करतो.

उपाय असा की, चार संस्थांमधली वाटणी आणि संस्थेच्या आतली वाटणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. आत कुणी कसं जमवायचं ते ज्याने त्याने आपल्या नियमाने ठरवावं. संस्था-संस्थांमधल्या वाटणीसाठी सामानाचे दोन गट करावेत. पॅनल, केबल आणि अर्थिंग पाणी कमी आलं म्हणून कमी झिजत नाहीत, तो खर्च फ्लॅटच्या संख्येने. पंप, ब्लोअरच्या मोटारी, व्हीएफडी आणि सेन्सर चालवल्याने झिजतात, तो खर्च पाण्याच्या मीटरप्रमाणे. बोअरवेल किंवा टँकरचं पाणीही एसटीपीतच जातं, त्यामुळे महापालिकेच्या मीटरवर भागवू नका. प्रत्येक इमारतीच्या वरच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपवर मीटर बसवा.

आकड्यात बघू. पहिल्या वर्षीच्या ३,८८,५०० पैकी स्थिर गटाचे २,३३,००० आणि झिजणाऱ्या गटाचे १,५५,५००. समजा डी इमारतीत ८० फ्लॅट आहेत, पण पाणी एकूणच्या २२ टक्के वापरलं जातं. तिचा वाटा ४१,४२२ अधिक ३४,२१०, म्हणजे ७५,६३२, फ्लॅटमागे महिना ७९ रुपये. सरसकट वाटणीत ७२ आले होते. म्हणजे ज्या मुद्द्यावर चार-चार सभा उधळतात तो फ्लॅटमागे महिन्याला सात रुपयांचा असतो. हे आधी मांडून दाखवलं की बऱ्याच वेळा सगळेच म्हणतात, सरसकट वाटा आणि संपवा. तसं ठरलं तरी हरकत नाही, पण जे ठरेल ते लिहून ठेवा.

बंद फ्लॅट पूर्ण वाटा भरतात. न विकलेल्या फ्लॅटचा वाटा बिल्डरकडून घ्यायचा. ‘आमच्याकडे कुणी राहतच नाही’ हा युक्तिवाद झिजणाऱ्या गटापुरता मीटरमध्ये आपोआप धरला जातो, त्यामुळे वेगळी सूट लागत नाही.

सर्व संस्थांची मिळून नोंदणीकृत शिखर संस्था असेल तर खातं तिच्या नावाने. नसेल तर चारही संस्थांचा मुद्रांक कागदावर करार करायचा: वाटणीचं सूत्र, हप्त्याची तारीख, संयुक्त खात्यावर कोणत्या संस्थांच्या सह्या, खर्चाला किती संस्थांची संमती, आणि एखाद्या संस्थेने वाटा थकवला तर काय. शेवटचं कलम लिहायला लोक संकोचतात, पण तेच पुढे उपयोगी पडतं.

पैसा येतो कुठून

आधी बिल्डर. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) खाली काम, दर्जा किंवा सेवा पुरवण्यातला दोष त्याने तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. वापराने झालेली झीज यात येत नाही. पण पॅनल तळघरात वायुवीजनाशिवाय बसवलं असेल किंवा अर्थिंगच नसेल, तर तो दोष आहे. फोटोंसह लेखी कळवा, तोंडी नको. ताब्याच्या वेळी घेतलेल्या कॉर्पसचा (देखभालीसाठी एकरकमी जमा केलेल्या रकमेचा) हिशेबही त्याच पत्रात मागा.

मग आपले निधी. सोसायटीत दुरुस्ती व देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के जमवायचा असतो, जमिनीची किंमत वगळून. लोकांची नजर पहिल्यांदा सिंकिंग फंडावर जाते. त्याला हात लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तो पुनर्बांधणी आणि आर्किटेक्टने दाखला दिलेल्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी आहे. पॅनल बदलणं त्यात बसतं का यावर ऑडिटर प्रश्न काढू शकतो आणि उद्या स्लॅब गळला तर हात रिकामे राहतात. मोठ्या दुरुस्त्यांसाठी सर्वसाधारण सभा क्षेत्रफळाच्या दराने वेगळा निधी ठरवू शकते. एसटीपीचा बदली निधी म्हणून वेगळं शीर्षक उघडा आणि ताळेबंदात वेगळं दाखवा. मेंटेनन्सच्या रकमेत मिसळलेला निधी दोन वर्षांत रंगकामात जातो. ठेव कुठे ठेवायची ते सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये दिलं आहे. अर्धा टक्का व्याज जास्त म्हणून ओळखीच्या पतसंस्थेत ठेवू नका.

वीज बचत. इथे विक्रेते जरा जास्तच बोलतात, म्हणून नेमका हिशेब देतो. साडेसात किलोवॅटची चार पोलची आयई१ (आयई म्हणजे कार्यक्षमतेचा वर्ग, आकडा मोठा तितकी वीज कमी) मोटार ८६ टक्के कार्यक्षम असते, आयई३ मोटार ९०.४ टक्के. पाऊण भारावर दोन मोटारी दिवसाला २० तास चालल्या तर वर्षाला सुमारे ४,६०० युनिट वाचतात. युनिटला १० रुपये धरले तर ४६,००० रुपये, म्हणजे तीन मोटारींचे पैसे सव्वादोन वर्षांत वसूल. पण जुनी मोटार आयई२ असेल तर बचत जेमतेम १,७०० युनिटची आणि वसुलीला सहा वर्षं. म्हणून आधी नेमप्लेट बघा. व्हीएफडीबाबत तर हमखास फसवणूक होते. ‘वेग २० टक्के कमी केला की वीज निम्मी’ हे पंखे आणि सेंट्रिफ्युगल पंपांना लागू आहे. एसटीपीतला लोब ब्लोअर तसा नाही. पाण्याची खोली तीच राहिल्याने दाब तोच राहतो आणि वीज वेगाच्या प्रमाणातच कमी होते, २० टक्के वेगाला साधारण २० टक्के. वेग फार उतरवला तर ब्लोअर स्वतःच तापतो. ज्या जोडणीला केव्हीएएच पद्धतीने (पॉवर फॅक्टर घसरला की वाढणारं) बिल येतं तिथे फुगलेले कपॅसिटर बदलणं ही सर्वांत स्वस्त बचत आहे.

विमा. नेहमीच्या अग्निविम्यात शॉर्टसर्किट ज्या उपकरणात झालं त्या उपकरणाचं नुकसान मिळत नाही, आग पसरून बाकीचं जळलं तर ते मिळतं. पॅनल आणि ब्लोअरसाठी मशिनरी ब्रेकडाउन पॉलिसी वेगळी असते. तिची विमा रक्कम नवीन वस्तूच्या आजच्या किमतीइतकी ठेवावी लागते. निम्मी ठेवली तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो. आणि झिजणं, गंजणं तिच्यातही नाही. विमा हा निधीला पर्याय होत नाही.

सरकारी अनुदानाची वाट पाहू नका. अमृतसारख्या योजना महापालिकांसाठी आहेत, सामाईक सांडपाणी प्रकल्पांची केंद्राची मदत उद्योगांच्या सीईटीपींसाठी होती. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं म्हणून आपलंही पाणी विकू, असा प्रस्ताव सभेत कुणीतरी हमखास मांडतो. २५० केएलडीपैकी बाग आणि फ्लशिंग भागवून जे उरतं त्याला बांधील गिऱ्हाईक नसतं. कुणी बांधकामवाला टँकर नेत असेल तर पैसे घ्या, पण ते अंदाजपत्रकात धरू नका.

ठराव असा की वसुली अडू नये

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि नोटीस पूर्ण १४ दिवसांची लागते. मेची तपासणी, जून-जुलैत कोटेशन, ऑगस्टमध्ये चारही कमिट्यांची एकत्र बैठक, सप्टेंबरमध्ये चारही सभांत शब्दशः एकच ठराव. शब्द वेगळे झाले की वर्षभराने अर्थ वेगळे निघतात. ठरावात हे असलंच पाहिजे: निधीचं नाव, यादी जोडलेली, फ्लॅटमागची रक्कम तिन्ही वर्षांसाठी, हप्त्याची तारीख, थकबाकीवरचं व्याज (आदर्श उपविधींप्रमाणे सरळव्याज, कमाल २१ टक्के), आणि निधी दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही ही ओळ. थकबाकी वसुलीसाठी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकाकडे अर्ज करायची वेळ आली तर हाच ठराव समोर ठेवावा लागतो. आयत्या वेळच्या विषयात उरकलेली वर्गणी तिथे टिकवणं अवघड जातं.

सीएला एक प्रश्न आधीच विचारा. सभासदामागे महिन्याचा मेंटेनन्स ७,५०० रुपयांच्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के जीएसटी लागतो. ७,४५० घेणाऱ्या सोसायटीने वर ७२ जोडले तर ती रेषा ओलांडली जाऊ शकते. उलट सोसायटी आधीच जीएसटीत असेल तर पॅनलवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळण्याची बाजू तपासा, खर्चात मोठा फरक पडतो.

कोटेशन: सगळ्यांना एकच कागद द्या

हिंगणा, बुटीबोरी एमआयडीसीतल्या पॅनल बनवणाऱ्यांकडून किंवा एसटीपीच्या ठेकेदाराकडून, कुणाहीकडून घ्या, पण मागणीचा कागद एकच असावा. नाहीतर चार लाखांचं आणि सात लाखांचं कोटेशन हातात येतं आणि तुलना होत नाही. कागदावर निदान हे लिहा:

भोवतालचं तापमान ५० अंश, नेहमीचं ४० नव्हे. पॅनल आयपी ५४ (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारं) किंवा त्याहून वरचं, बसबार टिन चढवलेल्या तांब्याचे. कॉन्टॅक्टर एसी-३ (मोटारींसाठीच्या) वर्गाचे आणि गरजेपेक्षा एक माप मोठे. प्रत्येक मोटारीला ओव्हरलोड आणि सिंगल फेजिंग (एक फेज गेल्यावरचं) संरक्षण. व्हीएफडीची पीसीबी कोटिंग केलेली. दोन फीडर राखीव. स्विचगिअरचे दोन-तीन मान्य मेक, ‘समतुल्य’ हा शब्द वगळून. रवाना होण्यापूर्वी कारखान्यात आपल्यासमोर चाचणी. पॅनलच्या दारात छापील वायरिंग आकृती. जुन्या पॅनलचं तांबं कोण घेणार आणि त्याचे किती वजा करणार.

जागा बदलता आली तर आत्ताच बदला. पॅनल तळघरातून काढून वर, सावलीत, बाहेरची ताजी हवा आत ढकलणारा पंखा लावलेल्या खोलीत नेलं तर केबलचे जास्तीचे पैसे पॅनलच्या वाढलेल्या आयुष्यात वसूल होतात. याच सुधारणेवर कमिट्या सर्वांत आधी काट मारतात, आणि तीच सर्वांत महागात पडते.

पैसे देण्याचे टप्पे: आगाऊ २० टक्के, कारखान्यातल्या चाचणीनंतर ५०, चालू करून दिल्यावर २०, आणि उरलेले १० टक्के बारा महिन्यांनी, म्हणजे मधे एक उन्हाळा पार पडल्यावर. टीडीएस कापून भरायची जबाबदारी सोसायटीची आहे. चार संस्था मिळून पैसे देत असतील तर बिल कुणाच्या नावे आणि कापायचं कुणी, हे ऑर्डरच्या आधी ठरवा.

बदलायचे दिवस

डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात चेंबरमधून पावसाचं पाणी शिरून आवक वाढलेली असते, मेमध्ये माणूस तळघरात काम करू शकत नाही. हवा बंद झाली की एमबीबीआरमधले जीवाणू काही तासांतच घुसमटायला लागतात, दिवसभर बंद राहिली तर वास सुटतो आणि पाण्याचा दर्जा पूर्ववत व्हायला आठवडे जातात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या मर्यादा त्या आठवड्यांतही लागू असतात. म्हणून एक ब्लोअर आणि एक सांडपाणी पंप चालेल एवढं तात्पुरतं छोटं पॅनल ठेकेदाराने आणायचं, आणि ते कोटेशनमध्येच लिहून घ्यायचं.

पहाटेपासून इक्वलायझेशन टाकी (आलेलं सांडपाणी आधी साठवणारी) जितकी खाली नेता येईल तितकी न्यावी. सकाळची आंघोळी-धुण्यांची आवक ओसरल्यावर, अकराच्या सुमारास तात्पुरत्या पॅनलवर भार घ्यावा. टाकीत सहा ते आठ तासांची जागा असते, तेवढ्यात पहिला टप्पा बसवायचा. केबलला जुने टॅग नसतील तर सोडण्यापूर्वी प्रत्येकीवर नवीन टॅग बांधा. नवीन पॅनलवर मोटार उलटी फिरली तर लोब ब्लोअर टाकीतलं पाणी वर ओढू शकतो, म्हणून बेल्ट काढून आधी दिशा तपासायची, मगच बेल्ट चढवायचा.

चालू झाल्यावर प्रत्येक मोटारीचा तीन फेजचा करंट, मेगरचं वाचन आणि थर्मल फोटो काढून त्या पहिल्या यादीत भरा. ‘बसवल्याचं वर्ष’ आणि ‘उरलेली वर्षं’ हे रकाने खोडून नवीन लिहा, आणि फ्लॅटमागच्या २८ रुपयांचा ठराव पुढच्या सप्टेंबरच्या विषयपत्रिकेत टाका.